राखेवरचा पाऊस

मी एक जुना पर्जन्यमापक आहे, मित्रांनो. पाऊस मोजायचे साधे यंत्र. वर पितळी काठाचे नरसाळे, त्याखाली बाटली आणि बाटलीभोवती जस्ताच्या पत्र्याचे पोट. माझ्यात चाक नाही, काटा नाही, वीज नाही. पडलेला पाऊस पोटात धरून ठेवायचा आणि सकाळी माणसाने येऊन तो मोजायचा, एवढेच माझे काम. आज मी मांडवखेडच्या शाळेत, अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली पडून आहे. बूड गंजले आहे. तरी बोलायला गंज आड येत नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझा काठ कानशीने घासून अगदी गोल केला. मग मला गवतात गुंडाळून परभणीला आणले. तिथून एसटीच्या टपावर बांधून जिंतूर, चारठाणा करत मी मांडवखेडला पोचलो. गाव उंचवट्यावर होते. मागे डोंगराची रांग आणि खाली ओढा. शाळा गावाच्या एका टोकाला आणि तिच्या पलीकडे बौद्धवाडा. शाळेच्या अंगणात, भोवती काही नाही अशा मोकळ्या जागी, मला जमिनीत रोवले.

मला रोवणारे चंद्रभान गुरुजी त्या वाड्यातच राहत. त्यांची बायको लवकर वारली होती. मुलगी सत्यशीला शेजारच्या मनकर्णाच्या अंगाखांद्यावर वाढली. मनकर्णा शेतमजुरी करणारी बाई, आवाज मोठा आणि माया त्याहून मोठी. गुरुजी रोज सकाळी शाळा भरण्याआधी येत. नरसाळे उचलून बाटली काढत, तिच्यातले पाणी मापाच्या काचेत ओतत आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचत. ती काच शाळेत ठेवली तर पोरे फोडतील, म्हणून ते ती फडक्यात गुंडाळून घरी नेत. वर्गाला ते सांगत, "ह्याचं तोंड वीतभर हाय. पण ह्या वीतभर तोंडावरनं सगळ्या शिवाराचा पाऊस ठरतो. म्हणून ह्याच्यापाशी लबाडी करायची न्हाई." मुले हसत. मला मात्र ते ऐकून मोठे वाटे. त्या वर्षांत मांडवखेडचा पाऊस कधी चुकत नाही, असे तालुक्याच्या कचेरीत म्हणत असत.

मग तो पावसाळा आला. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचे ठरले आणि मराठवाडा पेटला. गावोगावच्या बातम्या येत होत्या. गुरुजी मला वाचून झाल्यावरही उगाच थोडा वेळ रस्त्याकडे पाहत उभे राहत.

एका संध्याकाळी मनकर्णा धावत अंगणात आली. दहा-अकरा वर्षांच्या सत्यशीलेचा हात तिने घट्ट धरला होता. गुरुजी शाळेला कुलूप लावत होते.

"गुरुजी, निघा! खालच्या रस्त्यानं माणसं यायलीत. गावातली हायती, भाईरची बी हायती. लय हायती."

"घरात मापाची काच राहिली," गुरुजी म्हणाले आणि वळले.

मनकर्णाने त्यांचा सदरा मुठीत धरला. "काच फुटली तर दुसरी मिळंल. ही पोर दुसरी मिळणार न्हाई."

ते शेतातून निघून गेले. मी जाऊ शकत नव्हतो. माझ्या शेजारून माणसे पळत गेली. एकाचा पाय मला लागला आणि मी एका अंगाला कललो. मग वाड्याची छपरे एकामागून एक पेटली. मित्रांनो, पावसाने तेव्हा यायला हवे होते. तो आला नाही. त्या संध्याकाळी माझ्या नरसाळ्यात राख पडली.

पाऊस दुसऱ्या दिवशी आला. असा आला की समोरची शाळा दिसेना. दिवसभर कोसळला, थोडा थांबला आणि पुन्हा कोसळला. माझी बाटली भरली, पाणी बाहेरच्या पोटात उतरले, तेही काठोकाठ भरले आणि मग वरून वाहून गेले. जळालेल्या भिंती चिखल होऊन बसल्या. इतका पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. तो मोजायला कोणी आले नाही.

बऱ्याच दिवसांनी पोलिसांबरोबर शाळेचे मुख्याध्यापक दत्तराव आले. ते वाईट मनुष्य नव्हते. घाबरलेले होते. त्यांनी माझे नरसाळे उचलले, आत काळे पाणी दिसले.

"लिंबाजी, ह्याचं माप कुठं हाय?" त्यांनी शिपायाला विचारले.

"गुरुजींच्या घरी व्हतं, सर. आता घरच कुठं ऱ्हायलंय?"

दत्तरावांनी माझ्यातले पाणी शेजारी नुकत्याच उगवलेल्या कडुलिंबाच्या रोपाला ओतून टाकले. तालुक्याहून विचारणा आली होती. त्या दिवसांचा पाऊस कळवायचा होता. त्यांनी कळवला : निरंक.

निरंक म्हणजे काहीच नाही. मोजला नाही, असे त्यांनी म्हटले असते तर माझी तक्रार नव्हती. पण मोजला नाही आणि पडला नाही, या दोन गोष्टी सरकारी कागदावर एकच झाल्या.

गुरुजी पूर्णेला मेहुण्याकडे गेले होते. मेहुणा रेल्वेत होता. दिवाळीच्या सुमारास गुरुजी एकदा आले. वाड्याच्या जागी उभे राहून आले आणि मग दत्तरावांपाशी येऊन बसले.

"सर, तेवढं निरंक दुरुस्त करा. आमी चालायलोत तवा डोक्यावर पाणी धो धो पडायलं होतं. लेकराला ताप आला त्यानं."

"किती पडला म्हणून लिहू?"

गुरुजींना सांगता आले नाही.

"बघा," दत्तराव हलक्या आवाजात म्हणाले. "तुमालाच ठाऊक न्हाई. आन् आता ते दिवस उकरू नका, गुरुजी. गाव आत्ता कुठं शांत व्हायलंय."

गुरुजी उठले. जाताना माझ्याजवळ आले, मला सरळ करायचा त्यांनी प्रयत्न केला. पण माती घट्ट झाली होती. त्यांची बदली पूर्णेकडच्या शाळेत झाली आणि पुढे तिथेच ते वारले. आपल्याला ज्याने नीट वापरले त्याचे मरण आपल्याला लिंबाजीच्या तोंडून, झाडलोट करता करता, सहज कळावे, याचे मला फार दुःख झाले.

त्यानंतर माझे काम लिंबाजीकडे आले. त्याच्यामागे पाणी भरणे, घंटा वाजवणे, साहेबांचा चहा अशी ढीगभर कामे. तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या रेघांनी माझे पाणी मोजू लागला. ती बाटली माझ्या तोंडाच्या मापाची नव्हती, पण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रविवारी शाळा बंद, म्हणून रविवारचा पाऊस सोमवारात मिसळे. कडुलिंबाचे रोप वाढून झाड झाले. त्याची एक फांदी माझ्यावर आली. पाऊस आधी पानांवर पडू लागला आणि उरलेला माझ्याकडे येऊ लागला. वर्षामागून वर्षे मी खरा पाऊस थोडा थोडा कमी सांगत राहिलो. माझ्या लक्षात येत होते. पण नरसाळ्याला तोंड असले तरी बोलता कुठे येते?

वाडा पुन्हा पहिल्या जागी उभा राहिला नाही. माणसे परतली ती पाचटाच्या खोपींत राहिली. मनकर्णाही परतली. तिचा मुलगा सूर्यभान दुसऱ्यांच्या शेतात औत हाकी. नामांतर होणार, होणार म्हणत वर्षे जात होती. मोर्चे निघत, परत येत. घरांचे अर्ज जात, परत येत.

चौदा वर्षांनी एक सरकारी जीप अंगणात थांबली. तिच्यातून हवामान खात्याचे एक उंच साहेब उतरले, नाव भगवानराव. आणि त्यांच्यामागून त्यांच्या हाताखाली काम करणारी, खांद्याला पिशवी लावलेली एक तरुणी उतरली. मनकर्णा कुंपणाशी गवत कापत होती. तिने विळा टाकला.

"सत्ये? माझी सत्ये का गं तू?"

सत्यशीला तिच्या गळ्यात पडली. साहेब बाजूला तोंड करून उभे राहिले.

दत्तराव आता निवृत्तीला आले होते. त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि कडुलिंबाच्या सावलीत, माझ्या अगदी जवळ, बोलणे झाले. त्यावरून मला कळले की शहरात एका थंड खोलीत मोठा संगणक आहे आणि त्यात आभाळाचे गणिती प्रतिमान मांडले आहे.

"आम्ही जमिनीचे चौकोन पाडतो," भगवानराव सांगत होते. "एका चौकोनाला एक आकडा. मागच्या वर्षांचा पाऊस यंत्राला द्यायचा. त्यावरून पुढची वीस-पंचवीस वर्षं पाऊस कसा राहील, ते यंत्र सांगतं. तुमच्या भागाचा पाऊस घटत चाललाय. मोठा पाऊस तर इथं जवळजवळ होतच नाही."

"एका चौकोनात किती गावं येतात, साहेब?" दत्तरावांनी विचारले.

"जिंतूर तालुका सगळा, आणि शेजारचाही काही भाग."

"आन् आमचे डोंगर?"

"डोंगर त्यात सपाट होतात. इलाज नाही. चौकोन याहून लहान केले तर यंत्राला हिशेब झेपत नाही."

याच अंदाजावर इंजिनिअरांनी ओढ्याच्या पुराची रेघ ठरवली होती. त्या रेघेच्या वर, पण ओढ्याच्या काठालाच, बौद्धवाड्यासाठी पक्की घरे मंजूर झाली होती. गावाला दुसरी जागा द्यायची नव्हती आणि सरकारकडे तेवढीच होती. साहेब फक्त मला पाहून, पावसाचे आकडे बरोबर आहेत अशी सही करायला आले होते.

सत्यशीला माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. तिने वरची फांदी पाहिली, माझा कललेला काठ पाहिला. लिंबाजीकडून औषधाची बाटली मागून घेतली आणि ती हातात फिरवत राहिली.

"सर," ती शेवटी म्हणाली, "या जागेचा पाऊस कमी झालेला नाही. कमी मोजला गेलाय. निदान काही तरी या फांदीमुळे आणि या बाटलीमुळे. आणि ज्या दिवशी वाडा जळाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे शून्य आहे. त्या दिवशी पाऊस होता. मी त्यात भिजले होते."

"किती होता?"

तोच प्रश्न होता, जो तिच्या वडिलांना विचारला गेला होता.

भगवानराव रागावले नाहीत. "सत्यशीला, आठवणीला मिलिमीटर नसतात. मी यंत्राला काय देऊ?"

"काही देऊ नका. पण शून्य काढा. तिथं माहीत नाही असं म्हणा."

"यंत्राला रिकामी जागा चालत नाही. काही तरी भरावं लागतं. शेजारच्या केंद्राचं भरू म्हटलं, तर तिथंही त्या दिवसांत सगळं बंद होतं." त्यांनी वरच्या फांदीकडे बोट केले. "आणि खरं सांगू? एक दिवस सुधारून पुरणार नाही. फांदीमुळे किती गेलं, बाटलीमुळे किती, चौकोनामुळे किती, हे कोणालाच वेगळं काढता येणार नाही. मी एवढंच लिहू शकतो की अंदाजावर भरवसा कमी आहे."

"मग तेवढं तरी लिहा. आणि घरं थांबवा."

दत्तराव दचकले. पण त्यांच्या आधी मनकर्णाच बोलली. ती मागे उभी राहून ऐकत होती.

"थांबवा म्हणतीस? पोरी, चौदा वर्सं झाली पाचटात. दर पावसाळ्यात गळायलंय, दर उन्हाळ्यात इस्तवाची भीती. आता कुठं भित्ती मिळायल्यात. तू एकदा थांबवलंस तर ही लोकं पुन्यांदा देतील का?"

"मावशी, तिथं पाणी येईल असं मला वाटतं."

"येईल का?"

"सांगता येत नाही."

"कवा येईल?"

"तेही सांगता येत नाही."

मनकर्णाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग न येणारं बी असंल की, बाई. मला भित्तीत मरू दे."

मित्रांनो, मी पुष्कळ पावसाळे पाहिले, पण त्या दुपारी त्या मुलीच्या तोंडावर जे होते ते पाहून मला माझ्या रिकाम्या बाटलीची लाज वाटली. तिच्या हातात एक आकडा असता, तर मावशीने ऐकले असते. तो आकडा मी पोटात धरला होता आणि तो झाडाच्या मुळाशी मुरून गेला होता.

साहेबांनी भरवसा कमी असल्याची ओळ लिहिली. ती वर गेली. वर कोणी वाचली की नाही, ठाऊक नाही. घरे बांधली गेली. विटांच्या भिंती, लोखंडी पत्रे, प्रत्येक दाराला निळा रंग. मनकर्णा ज्या दिवशी राहायला गेली, त्या दिवशी तिने शाळेतल्या सगळ्या पोरांना गूळ वाटला.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, एका दुपारी, डोंगरावर आभाळ काळे झाले. आमच्या अंगणात पाऊस अगदी बेताचा पडला. माझी बाटली निम्मीही भरली नाही. पण जे काही झाले ते वर, डोंगरात झाले, जिथे माझ्यासारखे कोणी उभे नव्हते. ओढ्याचा आवाज आधी आला. मग खालून माणसे ओरडत शाळेकडे पळत आली, पोरे काखेत, म्हातारी माणसे पाठीवर. लिंबाजी वर्ग उघडून देत होता. दत्तराव फाटकाशी उभे राहून एकेकाला नावाने हाक मारत होते.

"मनकर्णा कुठं हाय? मनकर्णा आली का?"

ती आली नव्हती. तिचे गुडघे धरलेले होते, चढ चढवत नव्हता. सूर्यभान लांबच्या शेतावर होता. तो पोचला तेव्हा ओढा निळ्या दारांच्या वर गेला होता. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर त्याला आई खाली, बाभळीच्या जाळीत सापडली. नव्या वाड्यातली आणखी तीन माणसे गेली.

सत्यशीला आली, तेव्हा मातीही झाली होती. ती रडली नाही. अंगणात माझ्याजवळ बसून राहिली. भगवानरावही आले होते. ते तिच्याशेजारी मातीतच बसले.

"कुठं चुकलं, सर?" तिने विचारले.

"सगळीकडं थोडं थोडं," ते म्हणाले. "यंत्राला जे दिलं, त्यातून त्यानं काढलं. आपण ते 'असं होईल' म्हणून सांगितलं. 'असं होऊ शकतं, आणि असंही होऊ शकतं' म्हणून सांगितलं नाही. लोकांना एकच आकडा लागतो आणि आपल्यालाही एकच आकडा द्यायला बरं वाटतं."

"मी सांगितलं होतं, सर. मावशीला सांगितलं होतं. पण मला नुसतं वाटत होतं."

मग भगवानरावांनी स्वतः दगडावर दगड ठेवून चढून ती कडुलिंबाची फांदी कापली. आता तिचा काय उपयोग होता, कोण जाणे. पण त्यांना काही तरी करावेसे वाटले असावे.

हिवाळ्यात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. रेडिओवर बातमी आली, तेव्हा शाळेच्या वर्गांत राहणाऱ्या त्या माणसांनी एकमेकांना धरून डोळे पुसले. आनंद होता. पण ज्यांनी ही बातमी ऐकायची, त्यांतली कितीतरी माणसे नव्हती, आणि ते सगळ्यांना दिसत होते.

थोड्या दिवसांनी नव्या जागेची पाहणी झाली. या वेळी जागा शाळेच्या मागे, चढावर मिळाली होती. सत्यशीला नवा पर्जन्यमापक घेऊन आली होती. तिने मला जमिनीतून उपटले, पुसले आणि जीपच्या मागच्या बाकावर ठेवले. जीप त्या चढावरच उभी होती, म्हणून पुढचे मला दिसले.

मोजणीवाल्याने खुंट्या ठोकल्या होत्या. सूर्यभान पहिल्या खुंटीपाशी उभा होता. त्याने सत्यशीलेला विचारले, "ताई, हितवर तर पाणी येणार न्हाई ना?"

मोजणीवाला म्हणाला, "कसं येईल? पार वर आहे की."

पण सूर्यभानने तिलाच विचारले होते. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"मला ठाऊक नाही, दादा," ती म्हणाली. "तिथं खालच्या धुऱ्यापर्यंत, त्या शेताच्या बांधापर्यंत येईल, असं आमचा हिशेब सांगतो. पण हिशेबात चूक आहे आणि ती केवढी आहे, ते मला पुरतं माहीत नाही. त्याच्या वरही येऊ शकेल."

वारा होता, जीपचे कापड फडफडत होते. सूर्यभानने खाली वाकून खुंटी उपटली आणि ती हातात घेऊन तो चढावर चालू लागला. गवत संपले, मुरूम लागला, मुरूम संपून खडक लागला, तिथवर तो गेला. मग दगडाने ठोकून त्याने खुंटी रोवली.

"पाणी आणायला लय लांब पडंल की रं," खालून एक म्हातारी म्हणाली.

"पडू द्या," तो म्हणाला. त्यावर एकामागून एक माणसे आपापल्या खुंट्या उपटून वर निघाली.

मित्रांनो, त्या दिवसानंतर मला या खोलीत आणून ठेवले. मी आता पाऊस मोजत नाही. अंगणात नवा भाऊ उभा आहे. त्याच्यावर फांदी येऊ देऊ नका. त्याचे माप जपा आणि रविवारीही त्याच्याकडे जा. आणि एखाद्या सकाळी जाता आले नाही, काच फुटली, गाव पेटले, तर तुम्ही फक्त एवढे करा : तिथे शून्य लिहू नका. मोजता आले नाही, असे स्वच्छ लिहा. ज्यांना त्या आकड्याच्या भरवशावर घर बांधायचे आहे, ती माणसे मग पाहतील, किती वर चढायचे ते.